हाड मोडले की नाही, हे कळेपर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या सभेत बोलण्याचा निरोप धाडला, तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. मागे एकदा मी पापड-कुरडयांच्या हिशेबावर बोलले होते, तसेच यंदाही काही बोलून मोकळी झाले असते. परंतु गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय आहे आणि तो सोडून दुसरे काही आज माझ्या तोंडून निघेल असे मला वाटत नाही. तो विषय म्हणजे माझ्या पुतणीचा उजवा पाय.

तिचे नाव मी घेत नाही. तुम्ही सगळ्या तिला ओळखताच आणि स्मरणिकेत नाव छापून यावे अशी तिची इच्छा नाही. बोलायची परवानगी मात्र तिने दिली आहे. "काकू, सांग हवे ते, पण रडून सांगू नकोस," एवढी एक अट घातली. ती अट मी पाळीन.

पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली आपल्या पिंपळनेरला आता नव्या राहिलेल्या नाहीत. पहाटे पाचला साक्रीच्या रस्त्याला जा, चार-सहा जणी रोज दिसतील. कोणी वसतिगृहात राहते, कोणी मामाकडे, आमचीसारखी एखादी काकाकडे. पश्चिमेकडच्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या या मुली. त्यांना मैदानात 800 मीटर धावायचे, 100 मीटर धावायचे आणि चार किलोचा गोळा फेकायचा असतो. या सगळ्याचे मिळून 50 गुण आणि त्यांतले 20 एकट्या 800 मीटरला. निम्मे गुण मैदानात मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. शंभरातल्या तीस जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत हे खरे, पण त्या तीस जागांकडे बघणाऱ्या मुली किती, हे त्या रस्त्यावर उभे राहिले म्हणजे कळते. तीन मिनिटांच्या त्या धावण्यावर एकेका घराची दोन-दोन वर्षे टांगलेली असतात.

तिच्या अभ्यासाच्या टेबलावर वर्तमानपत्रातून कापलेली दोन चित्रे चिकटवलेली आहेत. एक कविता राऊतचे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. दुसरे ललिता बाबरचे. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय मुलगी अंतिम फेरीत जाणे हे पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, पहिल्यांदाच घडत होते. चित्रे आहेत, पण आमच्या मुलीला पदक नको आहे. तिला पगार हवा आहे. माझे दीर कोरडवाहू जमिनीवर घर चालवतात आणि तिच्या भरतीच्या शिकवणीचे पैसे भरायला त्यांनी दोन बोकड विकले. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झाले त्याचे ओझे कशाचे होते ते तुम्हाला कळावे.

आषाढात मैदानावर गुडघाभर चिखल झाला. तशात जाहिरात निघणार, जाहिरात निघणार, अशी हवा सुटली. मुली मैदान सोडून डांबरी रस्त्यावर आल्या. आमचीने तर रोजच्या तीन किलोमीटरचे तीन आठवड्यांत सात केले, वर संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर उड्या. बूट दोन वर्षांचे, टाचेकडे झिजून एका बाजूला कललेले. मला ते दिसत होते. दिवाळीला नवे घेऊ असे मीच म्हटले होते.

दुखणे सुरू झाले ते घोट्याच्या वर सहा बोटांवर, नडगीच्या आतल्या कडेला. आधी धावणे संपत आले की दुखायचे आणि घरी येईपर्यंत थांबायचे. मग धावायला लागताच दुखू लागले. मग जिना उतरताना. हे सगळे तिने आम्हाला पुढे सांगितले. तेव्हा ती गुपचूप बाम चोळीत होती आणि ओढणीची पट्टी पायाला घट्ट आवळून धावत होती. एके दिवशी ती पाणी भरताना लंगडली आणि समोरच्या आजीने विचारले, "काय व्हयनं वं माय, पाय दुखस का?" आजीला चार घरांपलीकडून दिसले, आणि मला एका स्वयंपाकघरात वावरून दिसले नव्हते.

आम्ही लगेच इथे फोटो काढला. फोटोत हाड स्वच्छ होते. आठ दिवस आराम करा, सूज असेल, ओसरेल, असे सांगण्यात आले. मी देवापुढे साखर ठेवली. तिने आठाऐवजी चार दिवस आराम केला आणि पाचव्या दिवशी पुन्हा रस्त्यावर. मीही अडवले नाही, कारण फोटोत काही नव्हते ना! फोटोत दिसत नाही ते नाहीच, अशी माझी पक्की समजूत होती. तुमच्यापैकी पुष्कळजणींची आजही असेल. म्हणूनच मी आज इथे उभी राहिले आहे.

त्यानंतर आली कानबाई. रविवारी रोट झाले, दिवसभर ती माझ्याबरोबर चुलीपाशी उभी होती. सोमवारी कानबाईला पांझरेवर न्यायचे. वाटेत बायकांनी फुगड्यांचा फेर धरला. ती बाजूला उभी होती. मीच तिला हाताने ओढून म्हटले, "अगं, देवीच्या दोन फुगड्या घाल, पाय मोकळा होईल." तिने घातल्या. त्या रात्री ती झोपली नाही. नुसते पडल्या पडल्यादेखील नडगी ठणकत होती. आपल्या हातून अशी चूक झाली म्हणजे ती चारचौघींत सांगून टाकावी, मनात ठेवली की कुजते. म्हणून सांगितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्रीमार्गे धुळे गाठले. हाडांच्या डॉक्टर बाईसुद्धा असतात, हे मला तिथेच कळले. त्यांनी फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. मग अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबत आल्या. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, मुलीने पाय झटकन मागे घेतला. त्यांनी समजावून सांगितले ते असे. नुसत्या धावण्याच्या ताणाने नडगीची कड दुखते तेव्हा ती चांगली वीतभर पट्ट्यात दुखते, कुठे म्हणून बोट ठेवता येत नाही. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रात्री पडूनही ठणकत असेल, तर हाडाला चीर गेली असल्याचा संशय धरायचा. इंग्रजीत याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडल्याने, आपटल्याने मोडते तसे हे मोडणे नव्हे. तोच तो घाव पुन्हा पुन्हा बसून गेलेली ही केसासारखी चीर असते.

मग त्यांनी तिला दुखऱ्या पायावर एकदाच उडी मारायला सांगितली. आपण लहानपणी खेळतो ती लंगडी. एकाच उडीत तिच्या डोळ्यांत पाणी आले. ही परीक्षा घरी पुन्हा करायची नाही, असे बाईंनी बजावले. त्या बजावण्याचे पुढे काय झाले ते सांगतेच.

फोटोचे म्हणाल तर, ही चीर इतकी बारीक असते की पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुतेक दिसतच नाही. हाड सांधण्यासाठी शरीर चिरेभोवती नवे हाड घालू लागते, ते पुरेसे जमले की मग फोटोत सावली दिसते, आणि कित्येकदा तीही दिसत नाही. एमआरआय नावाच्या तपासणीत मात्र लवकर कळते. ती बाहेर करायची तर हजारांनी पैसे लागतात आणि आमचा कांदा अजून चाळीत भावाची वाट बघत पडलेला. सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली ती बरोबर बावीस दिवसांनंतरची.

बावीस दिवस! मी बाईंना विचारले, "तोपर्यंत आम्ही काय समजायचे? मोडले आहे की नाही?" त्या म्हणाल्या, "मोडलेलेच आहे असे धरून वागा. नसले, तर तीन आठवड्यांचे धावणे बुडाले, एवढेच. असले आणि ही धावली, तर आज केसाएवढी आहे ती चीर आरपार जाईल, आणि मग सहा-आठ आठवड्यांच्या जागी सहा-आठ महिने बसावे लागेल." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुमच्या घरातल्या धावणाऱ्या मुलींसाठी नीट ध्यानात ठेवा. असे दुखणे जांघेत, खुब्याच्या सांध्यापाशी असेल, तर एक दिवसही थांबायचे नाही, त्या पायावर भारसुद्धा द्यायचा नाही. तिथली चीर सरकली तर मोठ्या शस्त्रक्रियेची पाळी येते.

हाड असे का चिरते, हे मला फार गूढ वाटत होते. इतकी तरणीताठी मुलगी, हाड काय काचेचे आहे? बाईंनी समजावले आणि मग मी थोडे वाचलेही. आपले हाड म्हणजे एकदा ओतून ठेवलेला खांब नव्हे. त्यात रोज दोन टोळ्या काम करीत असतात. एक टोळी जुने, थकलेले हाड उकरून काढते, दुसरी त्या जागी नवे भरते. उकरणारी टोळी दोन-तीन आठवड्यांत आपले काम उरकते आणि भरणारीला तीन-चार महिने लागतात. आपल्या गावचे रस्ते खोदणारे आणि बुजवणारे आठवा, म्हणजे लगेच समजेल. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि सात किलोमीटरांत अशी काही हजार पावले पडतात. हळूहळू वाढवले तर भरणारी टोळी पुरी पडते आणि हाड उलट बळकट होते. तीन आठवड्यांत दुप्पट केले, तर उकरलेले भरून निघण्याच्या आतच वरून घाव बसत राहतात.

हे दुखणे आजकालचे नाही. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाऊप्ट नावाच्या डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखतात, असे लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्या पायांच्या हाडांत खरोखर चिरा आहेत हे फोटोत दिसले. म्हणजे मधली चाळीस वर्षे ते शिपाई दुखऱ्या पायांनी चालत होते आणि त्यांचे दुखणे दाखवायला कोणाकडे काही नव्हते. त्यांतल्या कितीजणांना आळशी म्हणून शिव्या बसल्या असतील कोण जाणे.

मला ते शिपाई फार आठवले, कारण आमच्याकडेही तेच झाले. प्लास्टर असते तर लोक बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आले असते. प्लास्टर नाही, सूज डोळ्यांत भरत नाही, फोटो स्वच्छ, आणि मुलगी कुबडी घेऊन बसलेली! पहिल्या आठवड्यात दीर गावाहून आले. जेवून हात धुताना त्यांनी मला हळूच विचारले, "वहिनी, अभ्यास झाला नाही म्हणून नाटक तर नाही ना करीत?" हळूच विचारले, पण भिंत विटेची आणि पातळ. ती आत होती. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. दिरांना मी दोष देत नाही. दोन बोकड विकलेल्या माणसाला विचारण्याचा हक्क आहे. पण हा प्रश्न तिच्या मनात आधीपासूनच होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती स्वतःच स्वतःला रोज विचारीत होती, की मी घाबरले म्हणून तर पाय दुखत नाही ना?

हे मला कसे कळले ते सांगते. एका रात्री मला जाग आली ती मागच्या अंगणातल्या आवाजाने. धप्. थोड्या वेळाने पुन्हा धप्. चोर असेल म्हणून मी दार किलकिले केले, तर चांदण्यात ही एका पायावर लंगडी घालते आहे. एक उडी, मग भिंतीला धरून उभी, मग दुसरी. "काय करतेस गं?" तर म्हणाली, "काकू, बघते आहे अजून दुखते का. दुखले नाही तर मी खोटी, दुखले तर भरती गेली." रोज रात्री चालले होते म्हणे. डॉक्टरांनी नको म्हटलेली तीच परीक्षा ही पोर दररोज देत होती आणि दर परीक्षेला ती चीर, असलीच तर, थोडी थोडी उकलत होती.

त्या रात्री आम्ही दोघी पायरीवर बसलो. मला उपदेश सुचला नाही आणि सुचला असता तरी तिने ऐकला नसता. मी एवढेच म्हटले, की दुखते की नाही हे बघायचे काम आता तुझे नाही, ते धुळ्याच्या यंत्राचे. दुसऱ्या दिवसापासून मी माझे अंथरूण तिच्या खोलीत, दाराला लागून घातले. ती हसली, पण लंगडी थांबली.

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. एक हाडवैद्य आहेत, त्यांच्याकडे न्या, दोन मालिशींत मोकळी करतील, असे तिघींनी सांगितले. मोडलेले हाड जागेवर बसवणारे कसबी हात आपल्या भागात आहेत, हे मी नाकारीत नाही. पण चीर गेलेल्या जागी चोळून चीर बुजत नाही, एवढे मला आता कळते. शिकवणीतल्या एका मुलाने सांगितले, की चाचणीच्या सकाळी दुखण्याचे इंजेक्शन घे आणि धाव, काही कळत नाही. काही कळत नाही, हाच तर त्यातला धोका! दुखणे म्हणजे दारावरचा राखणदार, त्यालाच झोपवून घर उघडे टाकायचे? गल्लीतल्या मुलांचा मात्र या स्ट्रेस फ्रॅक्चरवर मुळीच विश्वास नव्हता. अखेर आमच्या ह्यांनी त्यांना सांगितले, की 2019 साली बुमराहच्या पाठीच्या हाडाला असलीच चीर गेली होती आणि तो तीन-चार महिने खेळला नव्हता. त्या क्षणापासून आमची पुतणी गल्लीत एकदम मानाची झाली. बुमराहला झाले म्हणजे खरे! मुलीच्या सांगण्यावर विश्वास बसायला क्रिकेटच्या गोलंदाजाची साक्ष लागली, हे मला थोडे झोंबले. असो.

तिने स्वतः वाचून एक उदाहरण काढले होते, इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचे. मॅरेथॉनमध्ये जगात सर्वांत वेगाने धावलेली त्या वेळची बाई. 2008 साली मे महिन्यात तिच्या मांडीच्या हाडात अशीच चीर सापडली, आणि ऑगस्टमध्ये ती बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये धावली. "बघ काकू, ती तीन महिन्यांत धावली!" मी म्हटले, पुढचे वाच. तयारी पुरी झालेली नव्हती, वाटेत पायात गोळे आले, थांबावे लागले आणि ती तेविसावी आली. "त्याच्याही पुढचे वाच ना," ती म्हणाली. मी वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कची मॅरेथॉन तिने जिंकली. आता यावर काय बोलणार? एकाच बाईच्या गोष्टीतून तिने आपली बाजू काढली आणि मी माझी. अजून आमचा तो वाद मिटलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे हा विषय घेतला, तिच्याकडे येते. सभेत बोलण्याचा हा विषय नव्हे असे कोणाला वाटेल, त्यांनी मला क्षमा करावी. येथे आपण साऱ्या बायकाच आहोत.

त्या डॉक्टरबाईंनी पाय बघून झाल्यावर विचारले, "पाळी नियमित येते का?" मी पटकन म्हटले, "हो, येते." मुलगी खाली बघत म्हणाली, "नाही. चार महिने आली नाही." भगिनींनो, एकाच घरात, एकाच न्हाणीघरात आम्ही दोघी वावरतो, आणि मला ठाऊक नव्हते. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "धावणाऱ्या मुलींची जातेच, सगळ्यांचीच जाते, उलट बरे, कटकट नाही." शिकवणीतल्या मुलींमध्ये हे असेच बोलतात म्हणे.

बाईंनी तिला रागावून नाही, पण अगदी स्पष्ट सांगितले. शरीराला पोटभर मिळाले नाही आणि खर्च मात्र वाढला, तर ते आधी जी कामे तूर्त टाळता येतील ती बंद करते. पाळी हे त्यांतले पहिले. आणि ज्या द्रव्यांमुळे पाळी येते, तीच हाडातल्या भरणाऱ्या टोळीला आधार देत असतात. म्हणजे पाळी थांबली, की हाड उकरले जात राहते आणि भरणारे हात सैल पडतात. कमी खाणे, पाळी जाणे आणि हाड कमजोर होणे या तिन्हींची सांगड अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी 1992 साली घालून दाखवली, आणि 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ती आणखी विस्ताराने मांडली. सैन्यात भरती झालेल्या मुलामुलींचे पाय तपासणाऱ्यांनाही ही चीर मुलींत जास्त आढळली आहे.

आणि आमच्या मुलीचे खाणे काय होते? पहाटे उपाशी पोटी धावायची. आल्यावर चहा आणि दोन खाऱ्या. दुपारी कॉलेज. सोमवार, गुरुवार उपास, ते भरती व्हावी म्हणून धरलेले! संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि रात्री पुरुषांची ताटे झाल्यावर माझ्याबरोबर बसायची. भाजी सरली असली तर चटणी-भाकरी. मी स्वतः तीस वर्षे तशीच जेवत आले, त्यामुळे त्यात काही उणे आहे हे माझ्या डोळ्यांना दिसलेच नाही. पण मी सात किलोमीटर धावत नव्हते. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्वही कमी निघाले. एवढे खानदेशी ऊन आपल्याकडे, आणि मुलगी उजाडायच्या आत धावते, दिवसा तोंडाला आणि हातांना कापड गुंडाळून फिरते. ऊन अंगाला लागणार कधी?

आता तिचे ताट आमच्या ह्यांच्या ताटाबरोबर वाढले जाते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी भुवया वर केल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्या ताटात तुपाची धार सोडली. नागलीची भाकरी, जी आपण पाड्यावरचे खाणे म्हणून कमी लेखतो, तिच्यात इतर धान्यांपेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम असते. तिच्या आईने पिशवीभर नागली धाडली आहे. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, दूध, भिजवलेले हरभरे आणि सकाळी दोन अंडी, तीही वेगळ्या चुलीवर न शिजवता. उपास सोडवायला मात्र मला फार सायास पडले. शेवटी सासूबाईंनी तिला सांगितले, की तुझे उपास मी धरते, माझी हाडे आता कुठे धावणार आहेत. ह्याच्यावर तिला उत्तर सुचले नाही.

बाकी दिवस कसे जातात? सकाळी दहा ते अकरा गच्चीवर उन्हात बसून ती अंकगणित सोडवते, कारण लेखी परीक्षा शंभर गुणांची आहे आणि ती पायांनी द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडे असायचे आणि नजर रस्त्यावर. पहाटे पाचला मैत्रिणींच्या बुटांचा आवाज यायचा, तेव्हा ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. आता मैत्रिणी परतताना ओट्यावर टेकतात आणि आपापल्या वेळा सांगतात. ऐकताना तिला त्रास होतो हे दिसते, पण त्या आल्या नाहीत तर जास्त होतो. हातांचे आणि पोटाचे व्यायाम बसून करते. पोहायला चालेल, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण तिला पोहायला येत नाही. तिचे तिन्ही भाऊ विहिरीत सूर मारून मोठे झाले आणि ही काठावर त्यांचे कपडे सांभाळीत बसलेली. ही रीत कोणी घातली कोण जाणे, पण मीही ती मोडली नाही.

रागही येतो तिला. परवा तिने कुबडी अंगणात भिरकावली आणि ती नेमकी लोणच्याच्या बरणीवर. बरणी फुटली. मी काही बोलले नाही, काचा वेचल्या. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "गोळा चांगला जाईल माझा." आम्ही दोघीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

दुखणे कमी आहे. दहा दिवसांत रात्री ठणकले नाही. त्यामुळे आता उलटाच प्रश्न पडला आहे, की दुखत नाही तर मग धावून बघू का. मी नाही म्हणते. दुखणे थांबले ते बसल्यामुळे थांबले, भरले म्हणून थांबले असे नाही. भरले की नाही ते तपासल्यावर कळेल. आणि चीर नाहीच असे निघाले, तरी सात किलोमीटरवर एकदम जायचे नाही, चालण्यापासून सुरुवात करायची, असे वचन मी तिच्याकडून घेतले आहे. तिने ते जरा तोंड वाकडे करूनच दिले.

तपासणीची तारीख येत्या मंगळवारची आहे. मैदानी चाचणीची तारीख अजून लागलेली नाही. दोन्हींतले आधी काय कळेल आणि काय कळेल, ते मला आज सांगता येत नाही. दीर सोमवारी संध्याकाळी येणार आहेत, आमच्याबरोबर धुळ्याला येतो म्हणाले, कोणी सांगितले नसताना. नवे बूट आणून ठेवले आहेत, ते कपाटात वरच्या फळीवर आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. मंगळवारी पहाटेची एस.टी. धरायची म्हणजे मला घरातून साडेचारला निघावे लागेल, तेव्हा त्या दिवशीचे मंडळाचे शिवणवर्गाचे दार कोणीतरी दुसरीने उघडावे, एवढी माझी विनंती आहे.